सर्व्हरच्या सुरक्षा नोंदवहीतील संशयास्पद प्रवेशनोंदी : स्वरूप, पारख आणि मर्यादा

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेली आगंतुकांची वही आणि कार्यालयातील हजेरीपत्रक या दोहोंचे काम सर्व्हरवर एकच नोंदवही करीत असते. कोण आले, केव्हा आले, कोणत्या मार्गाने आले आणि कोणाला दारातूनच परत फिरावे लागले, हे सारे तीत आपोआप लिहिले जाते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रवेश अर्ज, वेतनपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या हा सारा ऐवज गेल्या काही दशकांत लोखंडी कपाटांतून सर्व्हरवर गेला. कपाटाच्या किल्ल्यांची जी काळजी पूर्वी घेतली जात असे ती मात्र या नोंदवहीच्या वाट्याला क्वचितच आली. पुष्कळ ठिकाणी ती प्रथम उघडली जाते ती काही विपरीत घडल्यानंतर, आणि तोवर हवी असलेली नोंद नव्या नोंदींखाली पुसली गेलेली असते.

ती न वाचली जाण्याचे कारण केवळ अनास्था नव्हे. वापरात असलेल्या सर्व्हरवर दिवसाकाठी हजारो प्रवेशनोंदी जमा होतात आणि त्यांतील बहुसंख्य यंत्राने यंत्राशी केलेल्या व्यवहाराच्या असतात. या गर्दीतून संशयास्पद नोंद निवडावी कशी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचन प्रामुख्याने विंडोज सर्व्हरच्या सुरक्षा नोंदवहीस धरून आहे. लिनक्स प्रणालीत नोंदींचे रूप निराळे असले तरी विचाराची पद्धत तीच राहते. या संदर्भात एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावयास हवी. कोणतीही प्रवेशनोंद स्वतःहून संशयास्पद नसते. ज्या खात्याची ती आहे त्याच्या नेहमीच्या रीतीशी ती विसंगत ठरली, म्हणजे ती संशयास्पद होते. त्यामुळे शेकडो अपयशी प्रयत्न निरुपद्रवी असू शकतात आणि निमूटपणे यशस्वी झालेला एकच प्रवेश गंभीर ठरू शकतो.

पंचाहत्तर सेंटांची तफावत

या विषयातील सर्वांत उद्बोधक उदाहरण आजही १९८६ सालचेच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असलेल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ संगणक केंद्रात काम करू लागले होते. संगणकाच्या वापराचे पैसे विभागांकडून वसूल करण्यासाठी तेथे हिशेब ठेवले जात. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात दोन हिशेबांत ७५ सेंटांचा फरक आढळला. एवढी क्षुल्लक रक्कम कोणीही सोडून दिली असती. स्टॉल यांनी ती सोडली नाही. शोध घेता असे दिसले की, ज्याच्या नावे बिल पाठवण्याचा पत्ताच नाही अशा एका खात्याने काही सेकंद संगणक वापरला होता. पुढे आणखी एक खाते जागे झालेले आढळले. त्याचा मूळ धारक तेव्हा त्या देशातही नव्हता.

स्टॉल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांना मुद्रणयंत्रे जोडली आणि घुसखोराने उमटवलेले प्रत्येक अक्षर कागदावर उतरवून घेतले. घुसखोराच्या हाती संगणकाचे सर्वोच्च अधिकार होते. संगणकात ठेवलेली कोणतीही नोंद तो खोडू शकला असता. कागदावरची नोंद मात्र त्याच्या आवाक्याबाहेर होती. अनेक महिन्यांच्या पाठलागानंतर माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरातील मार्कुस हेस याच्यापर्यंत पोहोचला. अमेरिकी लष्करी संगणकांतील माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटनेस विकल्याच्या प्रकरणात तो १९९० साली दोषी ठरला.

या प्रकरणात तंत्रापेक्षा महत्त्वाची बाब अशी की, घुसखोराचे हे प्रवेश नोंदीपुरते पूर्णपणे नियमानुसार होते. खाते अस्तित्वात होते आणि पासवर्ड बरोबर होता. विसंगती होती ती एवढीच, की खात्याचा धारक त्या वेळी ते वापरत असणे शक्य नव्हते. ही माहिती नोंदवहीत नव्हती. ती माणसांना ठाऊक होती.

हे उदाहरण जुने झाले असे म्हणावे, तर मायक्रोसॉफ्ट कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेली घटना पाहावी. रशियाशी संबंधित गटाने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस कंपनीच्या प्रणालीत शिरकाव केला तो चाचणीसाठी उघडलेल्या एका जुन्या खात्यातून. त्या खात्यास पासवर्डखेरीज ओळख पटवण्याची दुसरी पायरी लावलेली नव्हती, आणि प्रयत्नांची संख्या मुद्दाम इतकी कमी ठेवली होती की त्यांचा गवगवा होऊ नये. सदतीस वर्षांनंतरही दार तेच निघाले : कोणीच वापरत नसलेले, पण बंदही न केलेले खाते.

नोंदीची रचना

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील सुरक्षा विभागात यशस्वी प्रवेशाचा नोंद क्रमांक ४६२४ आणि अयशस्वी प्रवेशाचा ४६२५ असतो. २००३ पर्यंतच्या सर्व्हर आवृत्त्यांत हेच क्रमांक अनुक्रमे ५२८ व ५२९ असे होते. नव्या आवृत्त्यांत त्यांत ४०९६ मिळवले गेले. जुनी पुस्तके वापरणाऱ्या अध्यापकांचा यामुळे गोंधळ उडतो म्हणून हा उल्लेख केला. याखेरीज ४६७२ ही नोंद दिसली तर प्रवेश करणाऱ्यास विशेषाधिकार मिळाले असे समजावे. ४७४० म्हणजे खाते कुलूपबंद झाले, ४७२० म्हणजे नवे खाते निर्माण झाले, ४७३२ म्हणजे एखादे खाते स्थानिक गटात, उदाहरणार्थ प्रशासकांच्या गटात, घातले गेले, आणि ११०२ म्हणजे नोंदवहीच कोणीतरी कोरी केली.

प्रत्येक प्रवेशनोंदीत खात्याचे नाव, वेळ, ज्या यंत्रावरून प्रवेश झाला त्याचे नाव किंवा आयपी पत्ता आणि प्रवेशप्रकार म्हणजेच लॉगऑन टाइप ही माहिती असते. यांपैकी प्रवेशप्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वस्तुतः उलगडा बहुधा तेथूनच सुरू होतो. प्रकार २ म्हणजे त्या यंत्राच्या कळफलकासमोर बसून केलेला प्रवेश. प्रकार ३ म्हणजे जाळ्यावरून, सामायिक फोल्डर वा प्रिंटर वापरताना होणारा प्रवेश. नोंदवहीतील गर्दी मुख्यतः याचीच. प्रकार ४ ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचा आणि प्रकार ५ पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांचा. ७ म्हणजे पडद्याचे कुलूप उघडणे. ८ या प्रकारात पासवर्ड उघड्या रूपात सर्व्हरपर्यंत आलेला असतो. १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपद्वारे दुरून केलेला प्रवेश.

आता प्रकार आणि खाते यांची सांगड घालावी. रात्री डेटाबेसची प्रत घेण्यासाठी निर्माण केलेल्या सेवाखात्याने प्रकार ४ किंवा ५ ने रोज प्रवेश करणे हे त्याचे कामच आहे. त्याच खात्याची प्रकार १० ची एकच नोंद आढळली, तर कोणीतरी माणूस त्या खात्याचा मुखवटा घालून आला असे मानून चौकशी सुरू करावी. यंत्राच्या खात्याने माणसासारखे वागणे ही या नोंदवहीतील सर्वांत विश्वासार्ह धोक्याची खूण होय. याउलट, ज्या नावांच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असते ती स्वतः संगणकांची खाती असून त्यांच्या प्रकार ३ च्या नोंदी दिवसभर उमटत राहतात. पहिल्या वाचनात त्या वगळल्या तरी चालते.

अपयशाची भाषा

अपयशी प्रवेशाच्या नोंदीत कारण दर्शवणारा एक लांबलचक संकेत असतो. त्याला सब-स्टेटस म्हणतात. त्याची शेवटची चिन्हे ६४ असतील तर त्या नावाचे खातेच नाही. ६ए असतील तर नाव बरोबर, पासवर्ड चुकीचा. ७२ असतील तर खाते बंद केलेले आहे आणि २३४ असतील तर ते कुलूपबंद झालेले आहे. एकाच पत्त्यावरून प्रथम ६४ च्या नोंदींची रांग यावी आणि काही दिवसांनी त्याच पत्त्यावरून ६ए च्या नोंदी सुरू व्हाव्यात, याचा अर्थ समोरच्याला आता खरी नावे ठाऊक झाली आहेत. अनेक महाविद्यालयांत अध्यापकांच्या ईमेल पत्त्याचा पूर्वार्ध हेच खात्याचे नाव असते आणि तो संकेतस्थळावर छापलेला असतो, हे येथे लक्षात घ्यावे.

माणसाच्या चुकीला एक लय असते. सकाळी घाईत दोन-तीन वेळा पासवर्ड चुकतो, कॅप्सलॉक चालू असल्याचे ध्यानात येते आणि मिनिटभरात प्रवेश होतो. यंत्राच्या प्रयत्नांना ही लय नसते. ते समान अंतराने, दमल्याशिवाय चालू राहतात. मात्र समान अंतराचे प्रयत्न म्हणजे हल्लाच, असे मानणेही घाईचे होईल. एखाद्या प्राध्यापकाने पासवर्ड बदलला आणि त्यांच्या भ्रमणध्वनीत जुनाच राहिला, तर तो फोन दर काही मिनिटांनी जुना पासवर्ड पाठवत राहतो आणि खाते पुन्हा पुन्हा कुलूपबंद होते. अशा वेळी ४७४० या नोंदीतील यंत्राचे नाव पाहावे. खाते वारंवार अडकत असल्याच्या तक्रारींचे मूळ अनेकदा असल्या विसरलेल्या उपकरणात किंवा जुन्या पासवर्डावर चालणाऱ्या एखाद्या नियोजित कामात सापडते.

खरा डाव याहून शांत असतो. एका खात्यावर शंभर पासवर्ड वापरून पाहिले तर खाते कुलूपबंद होते आणि बोभाटा होतो. म्हणून एकच सोपा पासवर्ड शंभर खात्यांवर वापरून पाहिला जातो. प्रत्येक खात्यापुरती एखादीच अपयशी नोंद उमटते आणि कोणालाही काही जाणवत नाही. खातेवार वाचणाऱ्या परीक्षकाच्या नजरेतून हे निसटते. त्याच नोंदी पत्त्यानुसार लावल्या तर एका पत्त्यासमोर शंभर नावे उभी राहतात. पत्तेही बदलते ठेवलेले असतील तर वेळेनुसार मांडणी करून पाहावी. आणि अपयशांच्या या पट्ट्यात मध्येच ४६२४ ची एखादी नोंद आहे का, हा प्रश्न शेवटी विचारायलाच हवा. अपयशांची संख्या मोजून अहवाल संपवणे ही या कामातील नेहमीची चूक आहे. शंभर नकारांपेक्षा त्यांच्यामधला एक होकार महत्त्वाचा.

दोन तांत्रिक बाबी येथेच नोंदवल्या पाहिजेत. रिमोट डेस्कटॉपला पूर्वओळख पटवण्याची अट लावलेली असेल, तर तेथील अपयशी प्रयत्न प्रकार १० म्हणून न येता प्रकार ३ म्हणून येतात. केवळ दहाच्याच नोंदी चाळणाऱ्यास ते दिसत नाहीत. दुसरी बाब डोमेनची. तेथे पासवर्डाची तपासणी डोमेन कंट्रोलर करतो. त्यामुळे तपासणीच्या नोंदी (४७६८, ४७७१, ४७७६) तेथे आणि प्रत्यक्ष प्रवेशाची नोंद ज्या सर्व्हरवर प्रवेश झाला तेथे, अशी माहिती विभागली जाते. एकच वही वाचून निष्कर्ष काढणे म्हणजे एका फाटकावरची वही पाहून परिसरात कोण होते हे ठरवणे होय.

लिनक्स सर्व्हरवर हीच माहिती डेबियन परंपरेत ऑथ-लॉग या आणि रेड हॅट परंपरेत सिक्युअर या फाइलमध्ये सापडते. लास्ट ही आज्ञा यशस्वी प्रवेश दाखवते, लास्टबी ही आज्ञा अपयशी. इंटरनेटवर उघडा असलेला कोणताही लिनक्स सर्व्हर रूट या नावावरील अपयशी प्रयत्नांनी सतत भरत असतो. त्यांची दखल दाराला अधिक पक्के कुलूप लावण्यापुरती घ्यावी.

वेळेचा घोटाळा

विंडोजमध्ये प्रत्येक नोंदीची वेळ आंतरराष्ट्रीय समन्वित वेळेत साठवली जाते. इव्हेंट व्ह्यूअर ती पाहणाऱ्याच्या संगणकाच्या स्थानिक वेळेत दाखवतो. परंतु नोंद एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढली तर मूळ वेळच हाती येते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे २० वाजून १० मिनिटे अशी दिसणारी निरुपद्रवी सायंकाळ प्रत्यक्षात मध्यरात्रीनंतरचे १ वाजून ४० मिनिटे असते. आणि याच्या उलटही घडते.

समजा, एका विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण बदलल्याचे उघडकीस आले. बाहेर काढलेल्या नोंदीत परीक्षा विभागातील लिपिकाच्या खात्यासमोर सकाळी ५ वाजून १५ मिनिटे अशी वेळ आढळली. पहाटे सव्वापाचला हा मनुष्य सर्व्हरवर काय करीत होता, असा प्रश्न चौकशी समितीपुढे ठेवला जातो आणि संशय पक्का होतो. प्रत्यक्षात ती वेळ १० वाजून ४५ मिनिटांची, म्हणजे कार्यालय उघडून कामाला सुरुवात होण्याची आहे. नोंदवहीने खोटे सांगितलेले नाही. वाचणाऱ्याने घड्याळ चुकीचे धरले, आणि त्यापायी एका कर्मचाऱ्याची नोकरी पणाला लागली.

खाते आणि व्यक्ती

हेच उदाहरण आणखी पुढे न्यावे लागते. वेळ दुरुस्त केल्यानंतरही, बदल त्या लिपिकाच्या खात्यातून झाला ही नोंद तशीच राहते. तिचा अर्थ काय? नोंदवही खात्याचे नाव सांगते. त्या क्षणी कळफलकावर कोणाची बोटे होती हे ती सांगत नाही. ही मर्यादा तत्त्वतः सर्वांना मान्य असते, चौकशीच्या वेळी मात्र तिचा विसर पडतो. परीक्षेच्या हंगामात एकच पासवर्ड चार जणांना सांगितलेला असतो, तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो, प्रयोगशाळा सहायकापासून बाहेरच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या माणसापर्यंत सगळे प्रशासक याच एका नावाने आत येतात. ही परिस्थिती कर्मचाऱ्यांच्या बेपर्वाईपेक्षा अपुरे मनुष्यबळ आणि कामाचा रेटा यांतून अधिक येते. परिणाम मात्र असा की नोंद खरी असूनही कोणाविषयी काहीच सिद्ध करीत नाही, आणि तरीही ज्याचे नाव खात्याला दिले आहे त्याच्यावरच ती उलटते.

म्हणून अशा प्रसंगी प्रवेशनोंद एकटी वाचू नये. प्रवेश कोणत्या यंत्रावरून झाला, ते यंत्र कोणाच्या टेबलावर आहे, त्या दिवशीच्या हजेरीपत्रकावर संबंधित व्यक्तीची सही आहे का, तिची रजा होती का, त्याच वेळी तेच खाते दुसऱ्या यंत्रावरून चालू होते का, हे सारे पडताळावे. प्रत्येक यशस्वी प्रवेशास एक लॉगऑन क्रमांक मिळतो. तोच क्रमांक बाहेर पडण्याच्या ४६३४ वा ४६४७ या नोंदीवर असतो, त्यावरून बैठक किती वेळ चालली याचा अंदाज येतो. जाळ्यावरील प्रवेशांच्या बाबतीत हा अंदाज फारसा भरवशाचा नसतो. रजेवर असलेल्या व्यक्तीचे खाते तिच्याच कार्यालयातील यंत्रावरून वापरले गेले असेल, तर शोधाची दिशा बाहेरून आत वळते. बर्कले येथे जी माहिती निर्णायक ठरली तीच येथेही ठरते : धारक त्या वेळी कोठे होता.

यावरून नोंदी तपासण्याचे काम केवळ संगणक विभागाचे राहत नाही, हेही स्पष्ट होते. कोण निवृत्त झाले, कोणाची बदली झाली, कोणत्या तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे सत्र संपले, ही माहिती आस्थापना शाखेकडे असते. ती यादी आणि चालू खात्यांची यादी वर्षातून दोनदा जरी शेजारी ठेवली, तरी जे खाते असूच नये असे एखादे हाती लागण्याची शक्यता मोठी असते. आणखी एक स्वस्त उपाय आहे. आकर्षक नावाचे, पण कोणासही न दिलेले एखादे खाते मुद्दाम निर्माण करून ठेवावे. त्याला कोणतेही अधिकार देऊ नयेत. त्याच्यावर प्रवेशाचा एकही प्रयत्न झाला तर तो संशयास्पद आहे की नाही याचा वेगळा विचार करावा लागत नाही. स्टॉल यांनीही घुसखोरास रोखून धरण्यासाठी बनावट लष्करी कागदपत्रांचा असाच सापळा लावला होता.

नोंदवहीचे जतन

सुरक्षा नोंदवहीला आकाराची मर्यादा असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. नेहमीची मांडणी हीच आहे. गर्दीच्या सर्व्हरवर काही दिवसांपूर्वीचेही काही उरत नाही. संगणकीय आणीबाणी हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली काढलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटर, निगम संस्था आणि शासकीय संस्था यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सांभाळणे आणि निर्दिष्ट प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाण स्रोताशी जुळवलेली असावीत, हाही त्यातलाच भाग. घड्याळांचे महत्त्व वर आलेच आहे.

नोंदी त्याच सर्व्हरवर राहू देणे मात्र पुरेसे नाही. प्रशासकाचे अधिकार मिळवणारा घुसखोर नोंदवही कोरी करू शकतो. कोरी केल्याची ११०२ ही नोंद तेवढी मागे उरते; तीत कोरी करणाऱ्या खात्याचे नाव असते. काही ठिकाणी सर्व्हर मंदावला म्हणून साफसफाईच्या हेतूनेही हे केले जाते. ती सवय थांबवलेली बरी, कारण तिच्यामुळे खऱ्या पुराव्याचा नाश आणि नेहमीची झाडलोट यांत फरक करता येत नाही. नोंदी उमटताक्षणी दुसऱ्या, वेगळ्या पासवर्डाच्या यंत्रावर पाठवणे हा स्टॉल यांच्या मुद्रणयंत्राचाच आजचा अवतार होय. या साठ्याची राखणही करावी लागते. घाईत नावाच्या चौकटीत पासवर्डच टाइप करणारे वापरकर्ते असतात, आणि ४६२५ च्या नोंदीत तो जसाच्या तसा उमटतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. पूर्वी ही तरतूद १८७२ च्या कायद्याच्या कलम ६५ब मध्ये होती. संशय येताच सर्व्हर पुसून नव्याने उभा करण्याची घाई पुष्कळदा केली जाते, कारण निकालाची तारीख जवळ आलेली असते. त्याआधी सुरक्षा नोंदवहीची फाइल जशीच्या तशी बाहेर काढावी, तिचे हॅश मूल्य दोन साक्षीदारांसमोर लिहून त्यावर दिनांक व सह्या घ्याव्यात, आणि प्रत प्राचार्यांच्या ताब्यात मोहोरबंद ठेवावी. या कामाला फार वेळ लागत नाही.